वकीलसाहेबांची शोकसभा

वकीलसाहेब वारलेले नाहीत, हे मी सुरुवातीलाच स्पष्ट करतो. खरं सांगायचं तर ते वकीलही नाहीत. ते एका कोरियन मालिकेतले वकील आहेत, आणि त्यातही नायक नव्हेत. नायिकेवर पंधरा भाग मुकाट्याने प्रेम करून सोळाव्या भागात तिच्याच लग्नात टाळ्या वाजवणारा जो दुसरा माणूस असतो ना, तो. त्यांच्या शोकसभेला आमच्या इमारतीतली त्रेपन्न माणसं आली, एकाने भाषण केलं, आणि हे सगळं मी घडवून आणलं. का? तर माझी आई आणि माझी मावशी रविवारी सकाळी नऊच्या आत एकमेकींशी बोलायला हव्या होत्या.

मावशी तिसऱ्या मजल्यावर राहते, आम्ही पहिल्यावर. मावशीने उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासली. आता निवृत्त आहे, पण औषधाच्या बाटलीवरचा कागदही ती पेन घेऊन वाचते. आई घरी कपडे दुरुस्त करते: पँट आखूड करणं, चेन बदलणं, एका अंगाला सैल आणि दुसऱ्या अंगाला घट्ट झालेल्या माणसांना त्यांच्या जुन्या कोटात पुन्हा बसवणं. दोघींकडे आपापली टॅबलेट. दोघी आपापल्या घरी मालिका बघणार, आणि संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्यात, म्हणजे बरोबर मध्यावर, भेटून त्यावर वाद घालणार. दोन वर्षांत एकेचाळीस मालिका झाल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या लोकांना एकही न बघता एकेचाळीसच्या एकेचाळीस पाठ आहेत.

या एकेचाळीस मालिकांत मतभेद पुष्कळ झाले, पण भांडण एकदाही नाही. बेचाळिसाव्या मालिकेने घात केला. तिची नायिका पूल बांधणारी इंजिनियर. एक बेकरीवाला तिच्या मागे, एक वकील तिच्या मागे. तिने बेकरीवाल्याशी लग्न केलं. विषय संपला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं.

"तो बेकरीवाला?" मावशी जिन्यात म्हणाली. "बोलताना श्वास तरी घेतो का? मागणी घालतोय की लिलाव पुकारतोय? असली माणसं विमा विकतात."

"आणि तुझा तो वकील?" आई म्हणाली. "सकाळी अकराला त्याची जीभ जड असते. कोर्टात पिऊन उभा राहतो, ताई! समोर न्यायाधीश. तोही प्यालेला!"

"काहीही काय! चहाशिवाय काही घेत नाही तो."

"मग चहाच जरा बघायला हवा त्याचा."

इथपर्यंत ठीक होतं. पण मग मावशी म्हणाली, "तुला माणसं कधी कळलीच नाहीत." आणि आई म्हणाली, "आणि तुला कुणाचं पुरतं ऐकून घ्यायला कधी वेळच नव्हता." या दोन वाक्यांत ना बेकरी होती ना कोर्ट. दोघी आपापल्या मजल्यावर गेल्या, आणि त्यानंतर जिना नुसता जिना राहिला.

आईने 'ताई' म्हणणं सोडलं. "त्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाई" म्हणू लागली. मावशी तर त्याहून कडक; ती आईचा उल्लेखच गाळायची. मुद्रितं तपासणाऱ्या बाईने एखादी गोष्ट गाळली, की ती पुन्हा छापून येत नाही.

सतरा दिवस असे गेले. मग सूचनाफलकावर कागद लागला: 'रविवारी सकाळी नऊ ते अकरा लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरील सामान हलविण्यासाठी राखीव.' मावशीच्या लेकीला जुळं झालं होतं, आणि मावशी कायमची तिच्याकडे निघाली होती. हे दूधवाल्याला माहीत होतं, लिफ्टवाल्याला माहीत होतं. आईला फलकावरून कळलं. ती वर आली, मशीनवर बसली, आणि एका गिऱ्हाइकाच्या पँटचा पाय खालून पूर्ण बंद करून शिवून टाकला. मी म्हटलं, "आई, यात पाय कसा जाईल?" ती म्हणाली, "नको जाऊ दे."

तेव्हा मी ठरवलं. मी एकदा ठरवलं की ठरवलं. मी पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासतो. लोक तक्रार करतात की आमचा मीटर पळतो. मी तो टेबलावर लावतो, मोजून पाणी सोडतो आणि लेखी सांगतो, पळतो की नाही. मत नाही, भावना नाही, पुरावा. हा वादही तसाच सोडवायचा. चारचौघांसमोर दोघींनी आपापला पुरावा मांडायचा आणि सभेने निर्णय द्यायचा. चारचौघांसमोर आपल्या माणसाशी न बोलण्यापेक्षा भांडणं सोपं पडतं, असा माझा हिशोब होता.

त्यासाठी इमारतीचं सभागृह हवं होतं. सभागृहासाठी सेक्रेटरी हवे होते. सेक्रेटरींनी फॉर्म पुढे केला.

"कारण?"

"कौटुंबिक सलोखा."

"असा प्रकार यादीत नाही. वाढदिवस, योगवर्ग, शोकसभा आणि इतर."

"मग इतर लिहा."

"इतरला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. सभा चार महिन्यांनी."

"ट्रक परवा येतोय हो."

"मग वाढदिवस?"

"कोणाचाच नाही. आणि योगवर्गाला लोक येत नाहीत."

सेक्रेटरींनी चष्मा काढला. ते वाईट नाहीत. फक्त यादीबाहेरच्या जगावर त्यांचा विश्वास नाही. "शोकसभा लगेच मिळते," ते हळूच म्हणाले, "आणि भाडंही नाही. पण कोणीतरी गेलेलं पाहिजे."

मी विचार केला. "एका वकिलांना अपघात होतो. चौदाव्या भागात."

"गेले?"

"शनिवारी त्यावरच चर्चा आहे."

त्यांनी हळहळत शिक्का मारला. मी खोटं बोललो नाही, हे नोंदवून ठेवतो. मी फक्त पुढचे दोन भाग सांगितले नाहीत.

संध्याकाळी फलकावर सूचना लागली. 'आदरणीय वकीलसाहेब यांच्या अपघातानिमित्त शनिवारी दुपारी चार वाजता शोकसभा. सर्वांनी उपस्थित राहावे.' त्याभोवती सेक्रेटरींनी काळी चौकट स्वतः पट्टीने आखली होती. कोपरे अगदी जुळले होते.

आता सल्ले सुरू झाले. आमच्या इमारतीत सल्ला मागावा लागत नाही, फक्त जिना उतरावा लागतो. निवृत्त बँक मॅनेजरांनी मला अडवून वकीलसाहेब कोणत्या मजल्यावरचे असं विचारलं. मी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, "नको, सांगू नकोस, आठवलं मला. उंच, सावळे." आणि डोळे पुसत निघून गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना मात्र माझा बेत कळला होता. त्या म्हणाल्या, "नायिकेने दोघांकडे आलटून पालटून पंधरा पंधरा दिवस राहायला काय हरकत होती?" हा तोडगा मी आईला सांगितला. आईने कात्री खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि कात्री पुन्हा उचलली. मी खोलीबाहेर आलो.

खरा घोटाळा झाला तळमजल्यावर. तिथे दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. डॉक्टर म्हणजे पंचेचाळिशीच्या, गंभीर बाई. अक्कलदाढ उपटतानाही त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलत नाही. पण त्यांच्या औजारांच्या तिसऱ्या खणात सात कोरियन पोरांचे फोटो आहेत. हा त्यांचा बँड. आणि वकिलाचं काम करणारा नट हा त्या बँडमधला चौथा. डॉक्टरांनी सूचना वाचली. 'वकीलसाहेब' आणि 'अपघात' हे दोनच शब्द त्यांना दिसले. चाहत्यांच्या जागतिक मंडळात त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांनी तिथे एकच ओळ लिहिली: 'चौथा गेला.'

शनिवारी सकाळी मला कळलं तेव्हा अकरा देशांत रडारड सुरू होती. पाचव्याचे चाहते आणि चौथ्याचे चाहते सहा वर्षं एकमेकांना पाण्यात बघायचे. ते आता एकमेकांच्या गळ्यात पडले होते. चौथ्याचं एक जुनं, कोणीही न ऐकलेलं गाणं सकाळपासून चार लाख वेळा ऐकलं गेलं होतं. अखेर त्याच्या कंपनीला खुलासा करावा लागला, की चौथे सुखरूप असून या क्षणी जेवत आहेत. पुरावा म्हणून जेवतानाचा फोटो. त्यावर नवा वाद पेटला, की फोटोतला चमचा जुना आहे.

"तुम्ही हे मुद्दाम केलंत?" डॉक्टरांनी मला दवाखान्याच्या दारात विचारलं. हातात पक्कड होती.

"डॉक्टर, माझ्या मावशीचा ट्रक उद्या येतोय."

मी सगळं सांगितलं. त्या पक्कड ठेवत म्हणाल्या, "माझी बहीण पाचव्याची चाहती आहे. मी येते."

आता उरल्या होत्या मुख्य दोघी. मी आईला सांगितलं की तिसऱ्या मजल्यावरच्या बाई सभेत आपली चूक कबूल करणार आहेत. मग तिसऱ्या मजल्यावर जाऊन मावशीला सांगितलं की आई सभेत आपली चूक कबूल करणार आहे. मावशी खोक्यांवर खडूने 'भांडी', 'पुस्तकं', 'भांडी' असं लिहीत होती. न वळता म्हणाली, "खरंच?" तो प्रश्न तिने इतक्या घाईने विचारला, की मला तिथेच सगळं सांगून मोकळं व्हावंसं वाटलं. पण मी निश्चयी माणूस आहे.

चार वाजता सभागृह भरलं. लोक पांढरी फुलं घेऊन आले होते. कोणी काही बोलायच्या आत बँक मॅनेजर उठले.

"वकीलसाहेबांचे आणि माझे संबंध पंचवीस वर्षांचे," ते म्हणाले. "माणूस शब्दाचा पक्का. कर्जाचा एक हप्ता चुकवला नाही. गेल्याच आठवड्यात जिन्यात भेटले, म्हणाले, साहेब, आता थकलो." दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. सेक्रेटरींनी दोन मिनिटं स्तब्धता जाहीर केली, आणि एका जिवंत, जेवत असलेल्या माणसासाठी त्रेपन्न माणसं उभी राहिली. मीही राहिलो. त्या दोन मिनिटांत मनात काय म्हणायचं हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

स्तब्धता संपल्यावर मी पुढे झालो आणि म्हणालो, "आता पुरावा."

टेबलावर दोन टॅबलेट शेजारी शेजारी ठेवल्या, डावीकडे मावशीची, उजवीकडे आईची. मालिका तीच, भाग नववा, प्रसंग तोच: गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी, त्यांच्यामध्ये बेकरीवाला मागणी घालतो, वकील जिन्यातून ते बघतो आणि कोणाला न दिसता खाली उतरतो. दोघांचं चारित्र्य एकाच प्रसंगात. आई उजव्या भिंतीशी उभी, मावशी डाव्या भिंतीशी. दोघी एकमेकींच्या कबुलीची वाट बघत होत्या. मी दोन्ही बोटांनी दोन्ही टॅबलेट एकदम सुरू केल्या.

अर्ध्या मिनिटात सभागृहात कुजबुज सुरू झाली. मावशीकडचा बेकरीवाला आला, बोलला, गुडघ्यावर बसला, उठला. आईकडचा अजून एक चादर बाजूला करत होता. मावशीकडचा वकील जिना चढला, बघितलं, उतरला, गाडीत बसला. आईकडच्या वकिलाचं पाऊल पहिल्या पायरीवर पडत होतं आणि तो स्वतःशी म्हणत होता, "मी... इथे... यायला... नको... होतं," आणि त्या आवाजाला खरोखर दारूचा वास येत होता.

"दोन देशांच्या वेळेतला फरक असेल," सेक्रेटरी म्हणाले.

"वेगळ्या आवृत्त्या असणार," काकू म्हणाल्या.

डॉक्टर मात्र ताडकन उभ्या राहिल्या. "चौथा असा बोलत नाही. दोन्हीकडे नाही."

मी प्रसंग पुन्हा सुरू केला आणि मनगटावरचं घड्याळ लावलं. डावीकडे चार मिनिटं, उजवीकडे आठ. टॅबलेटवर वेळेच्या पट्टीत लिहिलेलं, प्रसंग सहा मिनिटांचा. एक मीटर पळत होता, एक रेंगाळत होता. आणि हे ज्याने ओळखायचं, ज्याला चार वर्षं त्याच कामाचा पगार मिळतो, तो माणूस दोन वर्षं त्या दोन घरांत जेवत होता.

याहून वाईट गोष्ट मला त्याच क्षणी आठवली. दोन वर्षांपूर्वी मावशी म्हणाली होती, "अरे, वाचून होतं माझं आणि हे आपले बोलतच बसतात. जरा हाक ना त्यांना." मी दीडपट वेग लावून दिला होता. त्याच दिवशी आई म्हणाली होती, "एक डोळा सुईवर असतो रे, खालची अक्षरं पळून जातात." मी तिचा वेग पाऊण केला होता. दोघींनी तोंडभरून कौतुक केलं होतं. मी मालिका बघत नाही; मला फक्त वाद ऐकू येतात.

"ही चूक माझी आहे," मी त्रेपन्न माणसांसमोर म्हणालो, आणि सगळं सांगितलं. सभेत चूक कबूल होणार असं मी दोघींना सांगितलं होतं. ती झाली.

लोक फुलं हातात घेऊन माझ्याकडे बघत होते. बँक मॅनेजरांनी शेजारच्याला विचारलं, "म्हणजे वकीलसाहेब...?" शेजारचा म्हणाला, "मजेत आहेत." मॅनेजरांचा चेहरा उतरला.

आई हळूहळू टेबलापाशी आली. "म्हणजे तो वकील प्यालेला नाही?"

"नाही, आई."

"न्यायाधीश?"

"तेही नाहीत."

"आणि गेल्या वर्षीचा तो हृदयाचा डॉक्टर? ऑपरेशन करताना?"

"पूर्ण शुद्धीत."

"आणि तो पोलीस, जो नदीत पडतो?"

"तो खरंच प्यालेला होता," मागून डॉक्टर म्हणाल्या. "तो तसाच दाखवलाय."

"एक तरी बरोबर आला," आई म्हणाली.

मावशी दुसऱ्या बाजूने टेबलापाशी पोचली होती. ती माझ्याशी बोलली नाही. "वेग बरोबर कर," एवढंच म्हणाली, आणि मी केला. मग सभागृहात पहिल्यांदाच तो प्रसंग जसा होता तसा लागला. बेकरीवाला अडखळला, शब्द शोधले, एकदा चक्क गप्प बसला. चादरी वाऱ्याने हलत होत्या आणि त्यांना काही घाई नव्हती. वकील जिन्यात आला, थांबला. त्याच्या डोळ्यांत जे होतं ते आईला दोन वर्षांत कोणाच्याच डोळ्यांत दिसलं नव्हतं, कारण तिच्याकडे सगळ्यांच्याच पापण्या अर्ध्या मिटलेल्या असायच्या.

सहा मिनिटं झाली.

"श्वास घेतो की हा," मावशी म्हणाली. "बरा आहे बेकरीवाला. भाबडा आहे."

"भाबडा कसला?" आई म्हणाली. "त्या वकिलाकडे बघ. काय माणूस आहे! हिने बेकरीवाल्याशी लग्न केलंच कसं?"

"अगं, पण त्या बेकरीवाल्याचा धीर बघ ना."

"ताई, धीर? धीर त्या वकिलाचा!"

मी खुर्चीवर बसलो. अकरा देशांत खळबळ माजवून, एका माणसाला मारून आणि जिवंत करून, मी त्या दोघींना एकाच गोष्टीसाठी एकत्र आणलं होतं, आणि आता त्या बाजू बदलून तेच भांडत होत्या. पण आई 'ताई' म्हणाली होती. दोनदा म्हणाली असती तर मी दोनदा मोजलं असतं; पण मला एकदाही पुरलं.

रविवारी नऊला ट्रक आला. सामान खाली जाताना दोघी जिन्यात, लिफ्टच्या दारात, मग फुटपाथवर बोलत होत्या. प्रश्न साधा होता: चुकीच्या वेगाने पाहिलेल्या बेचाळीस मालिकांवरची मतं रद्द धरायची की नाही. रद्द धरायची, यावर पहिल्यांदा एकमत झालं. मग पहिल्यापासून परत बघायला हव्यात, यावरही झालं. कोणत्या क्रमाने, यावर गाडी अडली. अक्षरशः अडली, ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं होतं, मावशी त्याच्या शेजारी बसली होती, आणि आई पायरीवर उभी राहून दार धरून बोलत होती.

"बाई, आत या नाहीतर उतरा," ड्रायव्हर म्हणाला.

"चौकापर्यंत येते," आई मला म्हणाली. "एवढं सांगून होऊ दे." खांद्यावर टेप तसाच होता, पदराला दोन सुया टोचलेल्या होत्या. ती आत शिरली, मावशीने सरकून जागा दिली, आणि दार लागलं.

चौकात ट्रक थांबला नाही.

संध्याकाळी सहाला फोन आला. "पोचलो बरं का," आई म्हणाली. "चौक कधी गेला, कळलंच नाही. आता आलेच आहे तर घर लावून देते हिचं. आठवडा धर. त्या पँटवाल्याला सांग, आल्यावर उसवून देते म्हणावं. बाळं दोन्ही गोरीगोमटी आहेत, एक जरा—"

मागून मावशीचा आवाज आला. "कोणाशी बोलत बसलीस गं? ये, लावलीय मी. पहिली."

"आले, ताई," आई म्हणाली आणि फोन कुठेतरी ठेवला, पण बंद करायला विसरली. मीही केला नाही. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून मी पहिल्या मालिकेचा पहिला भाग संपूर्ण ऐकला: कोरियन भाषेत, खाली अक्षरं नसताना. मधेच मावशी म्हणायची, "वाचलंस?" आणि आई म्हणायची, "थांब जरा." आणि मावशी थांबायची.